नाकावाटे येणारे बहिरेपण

दिवाळीत कान सांभाळा असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. अंगणात अ‍ॅटमबॉम्ब फुटला की आजोबा कानांवर हात ठेवतात, आई तान्ह्याला कुशीत घेते. आवाजाने कान जातात हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण वाचकहो, जराही आवाज न करता कान नेणारा एक चोर आहे आणि तो कानाच्या वाटेने येतच नाही. तो येतो नाकाने!

रंगात घालायचे थिनर, काही छापखान्यांतली शाई, चपला चिकटवायचे सोल्युशन, फायबरग्लासचे रेझिन यांत टोल्युइन, झायलीन, स्टायरीन अशी द्रावके असतात. त्यांची वाफ श्वासाबरोबर फुप्फुसांत जाते, तेथून रक्तात आणि रक्तातून थेट कानाच्या गाभ्यात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी वळणदार नळी असते. तिच्यातल्या नाजूक केसपेशी आवाज टिपतात. द्रावक नेमके त्यांच्यावर घाव घालते. माणसाच्या कानात ह्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. टोल्युइन हुंगवलेल्या उंदरांना वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, हे अमेरिकेत प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवून दिले.

उंदरांचे राहू द्या, माणसांचे सांगा, असे कोणी म्हणेल. ऐका तर. स्वीडनमधल्या कामगारांच्या वीस वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाला. लाकडाच्या आणि कागदाच्या लगद्याच्या विभागांत गोंगाट ९५ ते १०० डेसिबल, रसायन विभागात ८० ते ९०. बहिरे जास्त कुठे असतील? आपण सारेच म्हणू, जिथे गोंगाट जास्त तिथे. निघाले उलटेच. रसायन विभागात २३ टक्के कामगारांचे कान बिघडलेले. इतरत्र ५ ते ८ टक्के.

पुढे १९९३ साली थाइस मोराटा या संशोधक बाईंनी ब्राझीलमधल्या छापखान्यांतले आणि रंगाच्या कारखान्यांतले कामगार तपासले. नुसत्या गोंगाटात राबणाऱ्यांना धोका सुमारे चौपट होता. गोंगाट आणि टोल्युइन दोन्ही वाट्याला आलेल्यांना सुमारे अकरापट!

आमच्या शेजारचे काका मोटारींवर फवाऱ्याने रंग मारतात. वय अजून पन्नाशीच्या आत. घरात रेडिओ इतका मोठा लावतात की काकू वैतागतात. डॉक्टर म्हणाले, "वयोमान." मी एकदा विचारले, "काका, गॅरेजात आवाज फार असतो का हो?"

"छे रे! पंखा तेवढा घरघरतो. वास मात्र असा, की घरी आल्यावर भातालाही थिनरच लागते!"

त्यांचे कान थिनरनेच गेले असे मी म्हणत नाही. तो निवाडा तपासणीनंतरच व्हायचा. पण त्यांना तुम्ही काय हुंगता, असे आजवर कोणी विचारलेच नव्हते. आणि ते विचारल्याशिवाय नुकसानभरपाई मागायची तरी कशाच्या आधारावर?

कानात बोळे घालून वाफ अडत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ नव्हे. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मुखवटा हवा आणि गाळणी वेळेवर बदलायला हवी. त्याहून बरे म्हणजे वाफ जिथे निघते तिथेच ओढून बाहेर टाकणारा पंखा, डब्यांना घट्ट झाकणे आणि शक्य तिथे कमी विषारी द्रावक. युरोपने २००३ च्या निर्देशात गोंगाट आणि अशी रसायने यांचा एकत्रित धोका मालकांनी विचारात घ्यावा असे घालून दिले. अमेरिकेतल्या सरकारी संस्थांनीही २०१८ साली असाच इशारा दिला.

तेव्हा भगिनींनो, भाऊबीजेला भाऊ पाटावर बसला आणि तुमचे बोलणे दोनदा विचारू लागला, तर त्याला बहिरा म्हणून हसू नका. आधी विचारा, "कामावर वास कसला येतो रे?" थिनर म्हणाला, तर फराळ झाल्यावर त्याच्याकडून एक वचन घ्या. सुटी संपायच्या आत कान तपासून घ्यायचे आणि डॉक्टरांना डब्यावरचे नाव वाचून दाखवायचे. ओवाळणी म्हणून यंदा तेवढेच मागा.