दुसऱ्या खेपेचे ओझे

आमच्या घरांतून पहिलटकरणीचे जे कौतुक होते, त्याविषयी आमची काही तक्रार नाही. तिच्या जिभेचे चोचले पुरविले जातात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, फुलांची वाडी भरली जाते. जड उचलू नको, वाकू नको, जिना चढू नको असे दहा तोंडांनी तिला बजावले जाते. आणि पुढे रीतीप्रमाणे माहेरी जाऊन ती सव्वा महिना तरी शेकशेगडीच्या उबेत पडून राहते. हे सर्व योग्यच आहे. आमचा प्रश्न इतकाच, की तीच स्त्री वर्षा-दीड वर्षाने पुन्हा गरोदर राहिली म्हणजे हे सारे कौतुक जाते कोठे? तेव्हा डोहाळजेवण नाही, कारण ते पहिल्या खेपेचे. माहेर नाही, कारण दुसरे बाळंतपण बहुधा सासरचे. आणि विसावा तर नाहीच नाही, कारण 'आता तिला काय, सगळे ठाऊक आहे!' पहिल्या खेपेस तिच्या कडेवर कोणी नव्हते. या खेपेस दहा किलो वजनाचे, रात्री दोनदा उठणारे, दिवसा उंबऱ्याबाहेर धाव घेणारे आणि आईवाचून दुसऱ्या कोणाच्या हातून घास न घेणारे एक मूल आहे. म्हणजे ज्या वेळी ओझे दुप्पट झाले, नेमक्या त्याच वेळी त्याला लागणारे हात निम्मे झाले. या उफराट्या हिशेबास आमचा समाज 'आईची माया' असे गोड नाव देतो. आमच्या मते त्याचे खरे नाव घराची चुकवेगिरी हे होय.

हा हिशेब आरंभापासूनच कसा चुकतो ते पाहावे. पहिले मूल रांगू लागते न लागते तोच घरातील वडील मंडळी म्हणू लागतात, 'हातासरशी दुसरेही होऊन जाऊ द्या, म्हणजे एकदाचे उरकले.' उरकणे हे क्रियापद आम्ही धुणीभांड्यांस लावतो, वार्षिक श्राद्धास लावतो, आणि मनुष्यजन्मासही लावतो! वय वाढत चालले आहे किंवा पुढे नोकरीचा खोळंबा होईल, अशा कारणांनी पतिपत्नींनी दोघांच्या विचाराने दुसरे मूल लवकर आणावयाचे ठरविले, तर त्यांस बोल लावणारे आम्ही कोण? आमचा आक्षेप त्या उरकण्यावर आहे, ज्यात ठरविणारे एक आणि वाहणारे दुसरे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तज्ज्ञांची बैठक बोलावून जो सल्ला सिद्ध केला, तो असा की एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. यात गूढ असे काही नाही. गर्भारपणात व अंगावर पाजण्यात आईच्या शरीरातून जे लोह व जे सत्त्व खर्ची पडते, ते भरून यावयास काळ लागतो आणि अन्न लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. ज्या विहिरीचे झरे अद्याप भरले नाहीत, तिच्यावर दुसरी मोट बांधणारा शेतकरी शहाणा म्हणावा काय?

आता कडेवरच्या मुलाकडे वळू. दुसऱ्या खेपेत सर्वांत अधिक गमावते ते हे मूल, आणि त्याला तक्रार करावयास भाषाही पुरी आलेली नसते. सिसिली विल्यम्स नावाच्या एका डॉक्टरीणबाई पश्चिम आफ्रिकेच्या त्या भागात काम करीत होत्या, ज्याला आज घाना म्हणतात. तेथे त्यांस अंगाला सूज आलेली, केस पिंगट पडलेली, निस्तेज बालके आढळली. १९३५ साली त्यांनी या रोगाला 'क्वाशिओरकोर' हे तेथील गा भाषेतील नाव वैद्यकशास्त्रात रूढ केले. त्या नावाचा आशय असा : पाठचे भावंड आले म्हणजे आपल्या जागेवरून उठविलेल्या मुलास जडणारा रोग. त्या लोकांजवळ प्रयोगशाळा नव्हती. परंतु आईच्या अंगावरून तोडलेल्या मुलाला पुढे पुरेसे कसदार अन्न मिळाले नाही म्हणजे ते खंगते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आमच्याकडेही आईला दिवस राहिले असे कळताच, 'आता हे दूध विटले' असे म्हणून अंगावरचे मूल एका दिवसात तोडण्याची रीत आहे. वस्तुस्थिती अशी, की गर्भारपणात दूध कमी होते व त्याची चव बदलते, पण ते विषारी होत नाही. प्रकृती निकोप असेल आणि डॉक्टरांनी विशेष कारणाने मना केले नसेल, तर मूल हळूहळू सोडविता येते. मात्र त्याच्या ताटात त्या प्रमाणात अंडे, डाळ, दूध व तूप वाढले पाहिजे, आणि आईच्या ताटात त्याहून अधिक.

आमच्या सुशिक्षित घरांतील मुलास सूज येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. त्याचे पोट भरलेले असते. पण जागेवरून उठविण्याचा प्रकार तेथेही घडतोच. दीड वर्षाच्या मुलाला एके दिवशी सांगण्यात येते की तू आता 'दादा' झालास. काल ज्याला मांडी होती, त्याला आज पदवी मिळते! दाराशी आलेले स्नेही त्याला हसत हसत विचारतात, 'आता बाळ येणार, मग तुला कोण घेणार रे?' आणि त्याचे तोंड वाकडे झाले म्हणजे सर्वांस मौज वाटते. कोणी त्याला भाऊ हवा की बहीण असे विचारून त्याच्या बोबड्या उत्तरावरून शकुन पाहतात. पुढे बाळ घरी येते त्याच आठवड्यात त्याला आजोळी पाठवितात. आजोळ हे काही वनवासाचे ठिकाण नव्हे. परंतु पाठविण्याची वेळ अशी साधली जाते, की मुलाच्या बुद्धीला त्याचा एकच अर्थ लागावा. मग ते अंथरूण ओले करू लागते, बोचकारते, जेवत नाही. आणि आम्ही म्हणतो, 'मोठा हट्टी झाला आहे!' ज्याचे सिंहासन न विचारता काढून घेतले, त्याने आनंदाने चवऱ्या ढाळाव्यात, ही अपेक्षा आम्ही दोन वर्षांच्या जिवाकडून करतो.

येथे कोणी म्हणेल, 'आमच्या आज्यांनी दहा दहा वाढविली, त्यांनी कधी कुरकूर केली नाही.' या युक्तिवादात एक मोठी लबाडी दडलेली आहे. आजीची जी मुले वाढली, ती आपण मोजतो. जी गेली, ती मोजत नाही. आणि ज्या आज्या दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणातच निवर्तल्या, त्या कुरकूर करण्यास उरल्याच नाहीत. शिवाय त्या आजीच्या घरात जाऊ होती, नणंद होती, विधवा आत्या होती. त्यांचे हाल वेगळेच, पण मूल घेणारे हात होते. आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजीच्या सहनशक्तीचा दाखला तेवढा आणावयाचा, आणि आजीच्या घरातील माणसे मात्र आणावयाची नाहीत, हा कोणता न्याय?

दुसरा युक्तिवाद याहून निष्ठुर आहे. 'ऊस तोडणाऱ्या बाया पाहा. पोटुशी असून डोक्यावर मोळ्या वाहतात, पोर झोळीत टाकून काम करतात. तुम्हांला पंख्याखाली बसून काय झाले?' हा दाखला ज्या जिल्ह्यातून येतो, तो आम्ही नीट पाहण्याची विनंती करतो. नगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून ज्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले) उत्तरेस प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकतो. तेथेच लोणीस १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ज्याचा आम्ही सर्व रास्त अभिमान बाळगतो. आणि याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरड्या तालुक्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुलाबाळांसह तोडणीस बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बाई एक दिवस बसली, तर तो खाडा धरून पैसे कापले जातात. ती सातव्या महिन्यात मोळी उचलते, याचे कारण तिच्या अंगी काही अलौकिक बळ असते असे नव्हे. मोळी खाली ठेवण्याची तिला मुभा नसते. तिच्या रांगत्या मुलाला फडात सांभाळते कोण? बहुधा त्याची सात-आठ वर्षांची बहीण, शाळा सोडून. जी गोष्ट आमच्या लाजेचा विषय व्हावी, ती आम्ही आमच्या सुनांपुढे आदर्श म्हणून ठेवतो! त्या बाईची दया येत असेल तर तिच्या मुलासाठी फडाजवळ पाळणाघर मागावे. तिच्या दुःखाची छडी करून दुसरीवर उगारू नये.

हे सर्व असेच चालावयाचे, असे म्हणणाऱ्यांस उत्तरही त्याच कोरड्या मुलखाने दिलेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. त्यांच्या कामाच्या गावांत १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी गावोगावच्या बायकांस, ज्यांतील कित्येक निरक्षर व कित्येक दलित समाजातील होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकविले. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे मूल लहान होऊन सुटका सोपी होते, ही समजूत या बायकांनी ओसरीवर बसून खोडून काढली. मुलाला वरचे अन्न केव्हा व काय द्यावे, दोन मुलांत अंतर कसे ठेवावे, हे शेजारणीच्या भाषेत शेजारणीला सांगितले. पुरुषांची शेतकरी मंडळे स्थापून त्यांच्यापुढेही आरोग्याचा विषय मांडला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ३० च्या खाली आले होते, आणि जन्मप्रमाण सुमारे निम्म्यावर. दरम्यान, १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या दृष्टीने यातील मुख्य गोष्ट अशी, की तेथे आईला 'अधिक सोस' असे कोणी सांगितले नाही. जे ओझे एका बाईचे समजले जात होते, ते गावाचे ठरविले गेले. निरक्षर खेड्यास जे साधले, ते पदवीधर बिऱ्हाडास का साधू नये?

आणि हा विचार आजचा नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात नगर जिल्ह्यातून निवडून आलेले सभासद प्र. ज. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराविषयी ठराव मांडला. त्यामागील भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांस सोसाव्या लागत्या, तर एकाहून अधिक मुलांस कोणीच राजी झाला नसता, असा रोखठोक मुद्दा त्या भाषणात होता. ठराव फेटाळला गेला. त्याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हेच सांगत होते व त्यापायी कोर्टकचेऱ्या सोशीत होते. साधने पुढे सर्वत्र झाली. पण 'केव्हा' हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आजही कित्येक घरांत सासूबाईंच्या नवसावर अवलंबून आहे.

सरकारही या बाबतीत आमच्याच रक्तामांसाचे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेस पाच हजार रुपये मिळतात. दुसऱ्या खेपेस २०२२ पासून सहा हजारांची तरतूद झाली, पण ती दुसरी मुलगी झाली तरच. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू स्तुत्य आहे. तथापि मुलगा झाला म्हणून आईचे रक्त कमी खर्ची पडले काय? २०१७ साली कायद्याने मातेची रजा २६ आठवड्यांची केली, हे उत्तम झाले. पण केंद्र सरकारच्या नोकरीतील पित्यास १५ दिवस, आणि खासगी नोकरीतील पित्यास कायद्याने एकही नाही. जणू काय दुसरे मूल आले म्हणजे पहिले मूल आपले आपण वाढते!

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. दुसरे मूल केव्हा, हे तिने ठरवावे जिच्या देहात ते वाढावयाचे आहे. इतरांनी सल्ला द्यावा, तोही विचारल्यास. दिवस राहिल्याचे कळले, की त्याच महिन्यापासून पहिल्या मुलाची रात्र बापाने घ्यावी : निजविणे, उठणे, न्हाऊ घालणे, भरविणे. आठव्या महिन्यात घाईने नव्हे. मुलाला त्या हातांची सवय लागावयास वेळ पाहिजे, म्हणजे पुढे आई खाटेवर असता ते पोरके होणार नाही. ज्याला आपल्या मुलाला झोपविता येत नाही, त्याने दुसऱ्याचा आग्रह धरू नये. मुलाला 'दादा' होण्याची घाई करू नये. त्याला आणखी काही वर्षे बाळच राहू द्यावे. आणि डोहाळजेवण करावयाचेच असेल, तर ते दुसऱ्या खेपेसही करावे. फुलांची वाडी नसली तरी चालेल, पण त्या निमित्ताने घरातील प्रत्येकाने कोणते काम आपल्या अंगावर घेतले ते चार माणसांत बोलून दाखवावे.

जामखेड तालुक्यातील चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आज सबंध जिल्ह्यास दिले गेले आहे. पाट्या बदलणे सोपे असते. स्त्रीच्या कर्तृत्वाचा एवढा आदर जर आम्हांस खरोखरच असेल, तर तो पाटीवरून उतरून स्वयंपाकघरापर्यंत यावा. आणि तेथे एक मूल कडेवर व एक पोटात घेऊन उभी असलेली जी आहे, तिच्या कडेवरचे मूल कोणीतरी आपल्या हाती घ्यावे.