आराखडा कोणाचा, रंधा कोणाचा?

आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलीने इंटिरिअर डिझायनर व्हायचे म्हटले की घरचे दचकतात. हे श्रीमंतांच्या पोरांचे काम, असे त्यांना वाटते. पण श्रीमंतांची घरे प्रत्यक्षात उभी कोण करतो? प्लाय कापणारा, पीओपी करणारा, पॉलिश मारणारा, फरशी बसवणारा, डोक्यावरून डेब्रिज उतरवणारी बाई कोणत्या समाजातून येते, ते कुठल्याही साइटवर जाऊन पाहा. काम बहुजनांचेच आहे. फक्त आराखड्याचा कागद त्यांच्या हातात नाही.

जात म्हणजे निव्वळ श्रमविभागणी, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी 1936 मध्येच खोडून काढला. ती श्रम करणाऱ्या माणसांनाच वर-खाली बसवते, हे त्यांनी दाखवून दिले. इंटिरिअरच्या साइटवर ही उतरंड आजही उघड दिसते. लॅमिनेट कुठे फुगेल, बिजागरी किती वजन पेलेल, हे मिस्त्रीला पाठ असते. पण त्याला रोज मिळतो आणि डिझायनरला एकूण खर्चावर टक्केवारी. वर अनेक ठिकाणी प्लाय-सनमायकाच्या दुकानातून कमिशन येते ते वेगळेच.

गंमत अशी की कायद्याने हे दार बंद नाही. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणीशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. इंटिरिअर डिझायनरला असे बंधन नाही. मग आपली मुले तिथे का दिसत नाहीत? 'इथे फक्त काम बघतात, जात नाही,' असे उत्तर मिळते. पण दाखवायला आधी काम मिळावे लागते. पहिले घर मामाचे, दुसरे काकांच्या सोसायटीतले. ज्यांच्या नात्यात कोणी फ्लॅटच घेतलेला नाही, त्यांनी फोटो कशाचे दाखवायचे? कागदी अट नसते तिथे आडनावाची अट आपोआप लागू होते.

सरकारचे काय चालले आहे? 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. 18 पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी 15 हजार, 5 टक्के व्याजाने 3 लाखांपर्यंत कर्ज. गरजूने ते जरूर घ्यावे. पण सुताराला अवजारे देणाऱ्या या योजनेत त्याच्या पोराला ड्रॉइंग टेबलापर्यंत नेणारी वाट कुठे आहे? बापाचाच धंदा थोडा बरा करून देणे, याला मी उद्धार म्हणत नाही.

म्हणून शिकायचे ते पारखून. मोठी फी घेऊन डिप्लोमा वाटणाऱ्या अकादम्या गल्लोगल्ली आहेत. प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा: अभ्यासक्रम शासनमान्य आहे का, त्याला भारत सरकार शिष्यवृत्ती लागते का? उत्तर गोलमोल आले तर उठून या. आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे, मुंबईच्या सर जे. जे. मध्ये शिक्षण आहे, अहमदाबादच्या एनआयडीत आरक्षणही आहे. सॉफ्टवेअर येतेच, त्याच्याइतकेच मोजमाप, दरपत्रक आणि करार लिहिणे शिका. पैसे बुडतात ते तोंडी व्यवहारात. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी 4 टक्के हिस्सा आहे. फर्निचर पुरवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या किती तरुणांनी त्यासाठी उद्यम नोंदणी केली आहे?

आणि प्रश्न नुसत्या कमाईचा नाही. कामवालीसाठी वेगळा संडास, वेगळी लिफ्ट, तिच्या कपासाठी सिंकखालचा कोपरा, हे आधी कोणीतरी कागदावर आखतो. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. देवघर कुठल्या दिशेला, हा तिथला प्रश्न नव्हता. उद्या ग्राहक वेगळा संडास मागेल, तेव्हा 'याची गरज काय?' असे विचारणारा माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसलेला असायला हवा.