निवड कोणाची?

शाळा निवडण्याचा अधिकार सधन पालकाला कोणी द्यावा लागत नाही. निर्धनाला तो २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अंशतः दिला : अल्पसंख्याकांच्या शाळा वगळता खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या गेल्या. एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेस यातून सूट, असा नियम महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. शेजारच्या शाळेचे असे कुंपण करणे अनुचितच होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो नियम रद्द केला. तरीही ‘निवड’ हा शब्द येथे जपूनच वापरावा लागतो. अर्ज जागांहून अधिक झाले की सोडत निघते, म्हणजे निवड चिठ्ठीची. आणि आठवीनंतर हा आधारही सुटतो. या वाटेने इंग्रजी माध्यमाकडे जाणाऱ्या मुलांची चिंता भाषेच्या अभ्यासकांना वाटते, ती अकारण नाही. परंतु प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, कर्नाटकाच्या प्रकरणात, पालकाचा मानला आहे. एकाच शिक्षकावर अनेक वर्ग चालणाऱ्या मराठी शाळेतून मूल काढून घेणाऱ्या पालकाला मातृभाषेचा उपदेश करणे, ज्यांची मुले तेथे कधी गेलीच नाहीत त्यांना तरी शोभत नाही.