कुंचल्याचे अक्षर

बंगळूरच्या बाजारपेठांतून फिरताना पाट्यांकडे लक्ष द्यावे. कर्नाटकात २०२४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाटीचा किमान ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे आवश्यक ठरले. त्यामुळे कन्नड अक्षर सुबक कसे दिसावे, हा प्रश्न दुकानदारांपुढे आला. कुंचल्याने सहज लिहिल्यासारखे वळण अनेकांस आवडते. मात्र ते बहुधा संगणकातील तयार अक्षरसंचातून, म्हणजे ‘फॉन्ट’मधून, आलेले असते.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ साली ‘ब्रश स्क्रिप्ट’ सिद्ध केला; फ्रान्समध्ये १९५३ साली रोजेर एक्स्कोफों यांचा ‘मिस्त्राल’ आला. त्यांतील रोमन अक्षरे प्रायः तळाशी हातात हात घालतात. आपल्या देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधला जातो. कन्नड अक्षरांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांतील पुष्कळांच्या माथ्यावर ‘तलेकट्टु’ असते, पण ते शेजाऱ्यास जोडत नाही. म्हणूनच एका लिपीचे वळण दुसरीवर लादले की अक्षर उसने वाटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘बालू’ हा गुबगुबीत, मोकळा संच अनेक भारतीय लिपींत करताना प्रत्येक लिपीचा स्वतंत्र विचार केला. कन्नड संचाचे नाव ‘बालू तम्मा’. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

तरीही यंत्राचे अक्षर आणि हाताचे अक्षर यांत अंतर राहते. पाटी रंगविणारा कारागीर जागा पाहून अक्षर आखूड वा ऐसपैस करतो; त्याचे दोन ‘अ’ तंतोतंत सारखे नसतात. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची नावे रेखाटताना नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे अक्षराची प्रकृती बदलली. ती निवड करणारी नजर संचाबरोबर मिळत नाही.

आपल्या घरच्या कार्यासाठी वा दुकानासाठी असे अक्षर निवडताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कुंचल्याचे वळण केवळ नावापुरते वापरावे. पत्ता, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक साध्या अक्षरांत द्यावेत. पाटी रस्त्यापलीकडून वृद्ध माणसास वाचता येते की नाही, हे पाहावे. औषधाच्या दुकानाबाबत तर ही दक्षता अत्यावश्यक होय. मराठीसाठी ‘लक्ष्मी’, ‘शाळा’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द लिहून पाहावेत. मराठी वळणाचा ल व श आणि ‘ऱ्ह’ नीट उमटले, तर संच आपल्या कामाचा. वापराची परवानगी कोणत्या अटींवर आहे, हेही वाचावे.

आणि भिंत रंगवायची असेल, तर प्रथम गावातील कारागिराकडे जावे. फ्लेक्सच्या छपाईने त्याचे बरेच काम हिरावले आहे. त्याचा हात चालता राहिला, तरच उद्याच्या संचांना गिरविण्यासाठी अक्षर उरेल.