भाडेकरूंचे कागद चव्हाट्यावर मांडणं बंद करा!

गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांचे सभासद, इथे भाड्यानं राहणारे सगळे, आणि ज्यांच्या मुली शिकायला इथे ठेवलेल्या आहेत ते आईवडील, यांच्यासाठी हे पत्रक आहे.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका रात्री लिंक येऊन पडली. खाली एवढंच लिहिलेलं: 'भाडेकरू रेकॉर्ड. ज्यांचे बाकी असतील त्यांनी यातच टाकावेत.' लिंकवर बोट ठेवलं आणि सगळं उघडलं. पासवर्ड नाही, लॉगिन नाही, तुम्ही कोण असं विचारणारं कोणी नाही. विंग आणि फ्लॅट नंबरप्रमाणे लावलेले फोल्डर. आत आधार कार्डं, दोन्ही बाजूंनी. पॅन कार्डं. भाडेकरार, त्यांवर फोटो आणि अंगठ्यांचे ठसे. पेठ, सुरगाणा, कळवणकडून शिकायला आलेल्या, तिघी-चौघींनी मिळून फ्लॅट घेतलेल्या मुलींचे फोटो, त्यांचे मोबाइल नंबर, गावाकडचे पत्ते, वडिलांचे नंबर. सोबत एक शीट, आणि त्या शीटचा शेवटचा रकाना: 'रात्री उशिरा येतात का?' काही नावांपुढे 'हो' लिहिलेलं होतं.

त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे? राहणारे आहेत. फ्लॅट विकून कधीच निघून गेलेले आहेत. दोन एजंट आहेत, प्लंबर आहे, केबलवाला आहे, टँकरवाला आहे. शिवाय प्रत्येकाच्या घरात तो फोन हाताळणारी माणसं वेगळी.

दुसऱ्या दिवशी हे कमिटीपुढे बोललो तर उत्तर मिळालं, "अहो, एवढं काय त्यात? सगळे आपलेच आहेत."

एकाच सोसायटीचं हे दुखणं असतं तर मी छापखान्याची पायरी चढलो नसतो. ओळखीपाळखीत विचारत गेलो तसतशी आनंदवल्लीपासून थत्तेनगरपर्यंत तीच तऱ्हा कानावर आली. कुठे भाडेकरूंचे कागद, कुठे क्लासच्या प्रवेशाचे फॉर्म, कुठे घरकामाच्या बायकांची आधार कार्डं. ड्राइव्ह, क्लाउड या गोष्टी वापरू नका असं माझं म्हणणं मुळीच नाही. कागद हरवत नाही, वाळवी लागत नाही, कपाट लागत नाही. माझं भांडण आहे ते एका सेटिंगशी आणि ते निवडणाऱ्या वृत्तीशी. त्या सेटिंगचं नाव 'लिंक असलेला कोणीही'.

नीट समजून घ्या. ड्राइव्हवर तुम्ही नवा फोल्डर करता तेव्हा तो बंदच असतो. दुसऱ्याला दाखवायचा तर त्याचा ईमेल पत्ता घालून त्याच्यापुरता उघडता येतो. सगळ्या जगाला उघडा करायचा तर कोणाला तरी मुद्दाम तिथे जाऊन 'कोणीही' निवडावं लागतं. म्हणजे 'आमच्याकडून चुकून राहिलं' ही सबब इथे चालतच नाही. चार ईमेल पत्ते टाइप करायचा कंटाळा आला म्हणून कोणीतरी पन्नास माणसांची ओळखपत्रं रस्त्यावर ठेवली, हे त्याचं सरळ नाव आहे.

अशी लिंक म्हणजे बेअरर चेक. ज्याच्या हातात तो त्याचा मालक. कोणी उघडली, कोणी उतरवून घेतली, कोणी पुढे ढकलली, याचा पत्ता लागत नाही. अशा लिंकवरून शीट उघडणारा लॉगिन न करता आला तर वरच्या कोपऱ्यात त्याच्या नावाच्या जागी एखाद्या प्राण्याचं चित्र आणि 'अनामिक' एवढंच दिसतं. वयात आलेल्या मुलींची रात्रीची ये-जा लिहिलेला तक्ता वाचणाऱ्याबद्दल सोसायटीला मिळणारी माहिती ती एवढीच.

त्याहून वाईट म्हणजे फोल्डरची परवानगी आतल्या प्रत्येक फाइलला लागू होते, आज टाकलेल्या आणि पुढे टाकल्या जाणाऱ्याही. दोन वर्षांपूर्वी उघडा केलेला फोल्डर आज आलेल्या भाडेकरूचं आधार कार्डही आपोआप उघडं करतो, आणि त्या बिचाऱ्याला ग्रुपमध्ये कोणी घेतलेलंही नसतं. 'यातच टाकावेत' असं सांगायचं म्हणून आमच्या शहाण्यांनी बदल करण्याचा अधिकारही 'कोणीही'लाच देऊन टाकला होता. कोणीही नाव बदलू शकतं, कागद बदलू शकतं, 'नाही'चं 'हो' करू शकतं. आणि हा फोल्डर सोसायटीचा तरी आहे का? तोही नाही. तो आहे एका माजी सेक्रेटरींच्या खासगी जीमेलवर. ते फ्लॅट विकून पुण्याला गेले. त्यांचं खातं कोणी फोडलं तर आमच्या कमिटीला खबरही लागणार नाही.

आता आक्षेप.

'गूगल एवढी मोठी कंपनी, तिथे सगळं सुरक्षित असतं.' कंपन्यांच्याही चुका होतात. जून २०११ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या एका बिघाडामुळे जवळपास चार तास कुठलाही पासवर्ड टाकून कुठल्याही खात्यात शिरता येत होतं. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. फाइल साठवताना आणि पाठवताना त्या कुलूपबंद असतात, हे खरं आहे. मात्र लिंक घेऊन येणाऱ्याला दार उघडून द्या, असं तुम्हीच कंपनीला सांगितलेलं आहे. ती तुमचा हुकूम पाळते आहे.

'लिंक एवढी लांबलचक, कोणाला अंदाजानं सापडणार?' अंदाज करतो कोण! ती फॉरवर्ड होते.

'पोलीस मागतात.' हा आक्षेप आला की समोरचा माणूस जिंकल्यासारखा खुर्चीत मागे रेलतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती पोलिसांना, टँकरवाल्याला नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झाली, पोलिसांकडे माहिती गेली, की सोसायटीला हवं काय? नाव, फोन, किती माणसं, करार कधी संपतो. चार रकाने. त्यासाठी पॅन कार्ड लागत नाही. अंगठ्याचा ठसा तर नाहीच नाही.

ठशाचं हसण्यावारी नेऊ नका. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या ठशांचे रबरी शिक्के बनवले आणि त्या ठशांवर हजारो सिमकार्डं सुरू केली. मोबाइल नंबर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही, आणि आधार क्रमांकही मनाला येईल तेव्हा बदलून मिळत नाही.

आणि आता तो आक्षेप, जो ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. 'ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यांना कशाची भीती?' अहो, कागद कोणाचे? तुमचे आहेत का? २०१६ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका तपासणी प्रयोगशाळेच्या हजारो रुग्णांचे रिपोर्ट असेच इंटरनेटवर उघडे सापडले. त्यात एचआयव्हीच्या तपासण्याही होत्या. २०२० च्या सुरुवातीला एका जर्मन कंपनीनं जगभरच्या उघड्या पडलेल्या वैद्यकीय नोंदींची पाहणी जाहीर केली, तेव्हा भारतातल्या राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा होता: तीन लाखांवर नोंदी, जवळपास सात कोटी एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमा. ते सगळे रुग्ण काही लपवत होते का? ते आजारी होते. ज्यानं सांभाळायचं त्यानं सांभाळलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी स्वतः फ्लॅटमालक आहे, म्हणून पुढचं बोलायचा मला हक्क आहे. त्या फोल्डरमध्ये मालकांचा एकही कागद नव्हता. आमची शेअर सर्टिफिकेटं, आमचे खरेदीखतांचे दस्त सोसायटीच्या ऑफिसात कपाटात आहेत, चावी खजिनदारांकडे. सभासदाला स्वतःच्या सोसायटीच्या कागदाची नक्कल हवी तर अर्ज करा, फी भरा, थांबा. कुलूप म्हणजे काय हे कमिटीला पक्कं ठाऊक आहे. फक्त भाडेकरूचा कागद कुलपाच्या लायकीचा आहे असं तिला वाटत नाही. दर महिन्याला मेंटेनन्सवर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घ्यायला भाडेकरू चालतो, लिफ्टमध्ये त्याच्याकडे बघायला मात्र मान वळत नाही. ज्यांना हा फोल्डर निरुपद्रवी वाटतो त्या कमिटी सदस्यांनी आधी स्वतःच्या मुलीचा फोटो, नंबर आणि घरी यायची वेळ त्यात टाकावी. मग बोलू.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे, नोंदणीकृत सोसायटीला नाही. हे ऐकून कमिट्या घाबरतील तर बरंच आहे. पण भाडेकरूनं या कायद्यावर विसंबून राहू नये. दंडाची रक्कम जमा होते सरकारी तिजोरीत. ज्या मुलीचा नंबर गावभर फिरला तिला त्यातला रुपयाही मिळत नाही. उलट तिची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तिलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून हे आधी आपल्या जिन्यातच थांबवायला हवं.

थांबवणं अवघड नाही. फोल्डर आजच बंद करा आणि सेक्रेटरी व चेअरमन या दोघांच्याच ईमेलला उघडा. तो सोसायटीच्या नावाच्या खात्यावर हलवा आणि कमिटी बदलली की पासवर्ड बदला. डिलीट केलेली फाइल ट्रॅशमध्ये तीस दिवस पडून राहते, तीही काढा. आधार लागलंच तर मास्क केलेलं घ्या, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयानं लोकांना तेच वापरायला सांगितलं होतं. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली, सोय मात्र तशीच आहे. भाडेकरू गेला की त्याचे कागदही गेले पाहिजेत. आणि तो 'रात्री उशिरा' रकाना ज्यानं बनवला त्यानं त्या मुलींची हात जोडून माफी मागावी.

सभासदांनो, ३० सप्टेंबरच्या आत तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायलाच हवी. हा विषय लेखी देऊन अजेंड्यावर घ्यायला लावा. 'ऐनवेळच्या विषयां'त ढकलू देऊ नका, तिथे चहा येतो आणि लोक उठतात.

भाडेकरूंनो, सभेत तुम्हाला मत नाही. पण कागद तुमचे आहेत. खालचा मजकूर जसाच्या तसा सेक्रेटरींना पाठवा आणि एक प्रत घरमालकाला द्या:

'माझे आधार, पॅन व भाडेकरार आपण कुठे ठेवले आहेत, ते कोणाकोणाला दिसतात आणि केव्हा नष्ट करणार, हे सात दिवसांत लेखी कळवावे. ते कोणत्याही खुल्या लिंकवर असल्यास आज काढावेत. यापुढे माझा कोणताही कागद ग्रुपवर टाकण्यास माझी संमती नाही.'

— एक फ्लॅटमालक, गंगापूर रोड, नाशिक