मेलेलं ढोर विषारी होऊ देणार नाही : जुन्नर-आंबेगावचा जाहीरनामा

आम्ही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले शेतकरी, दूधवाले, बैलगाडामालक, जनावरांचे डॉक्टर, मेडिकलवाले आणि शाळा-कॉलेजातली पोरंपोरी. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी आमची शेती आहे, दावणीला जनावरं आहेत. आज आम्ही एक चळवळ उभी करतो आहोत. तिचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं : आमच्या शिवारात उघड्यावर पडलेल्या कोणत्याही जनावराच्या अंगात गिधाडाला मारणारं विष असता कामा नये. ते सुईतून गेलेलं असो, बंदुकीच्या छऱ्यातून असो, की कुणी मुद्दाम टाकलेलं असो.

काय घडलं

ढोर पडलं की घटकाभरात गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत हाडं उरायची, असं आमची वडीलधारी माणसं सांगतात. आमच्या पोरांनी हे पाहिलेलं नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारात एक उरली. लांब चोचीची गिधाडं शंभरातली जेमतेम तीन राहिली. हीच लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीत घरटं करतात. नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, आहुपे इथले कडे आजही जागेवर आहेत. घरं शाबूत आहेत, राहणारे गेले.

कारण २००४ साली जगासमोर आलं : डायक्लोफेनॅक, जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक. इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, ते मान खाली टाकून बसतं आणि मरतं. शवविच्छेदनात हृदयावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो युरिक ॲसिडचा असतो. गिधाडं थव्याने जेवतात, म्हणून एक विषारी ढोर सगळा थवा संपवू शकतं. उघड्यावरच्या शंभर मढ्यांत एकापेक्षाही कमी मढी अशी असली, तरी ऱ्हासाला तेवढी पुरतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. इतक्या वेगाने झालेली हानी ती भरून काढणार कशी?

कायदा आहे, सवय मोडलेली नाही

सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, म्हणून २०१५ साली माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका मात्रेपुरतं केलं. २०२३ साली जनावरांसाठीचं केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक बंद झालं. गाईच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचं डायक्लोफेनॅकच होतं. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवरही बंदी आली. पण शर्यतीचा बैल घाटातून (धावपट्टीवरून) लंगडत परतला, की मालक म्हणतो, "डॉक्टर, काहीही द्या, उद्या उभा राहिला पाहिजे." त्या 'काहीही'मध्ये गिधाडाचा जीव जातो. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही औषधं दुखण्यावर काम करतात आणि गिधाडांना निर्धोक आहेत. बैलाचं दुखणं थांबवायला गिधाड मारावं लागत नाही.

शिसं आणि थिमेट

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी रानात ठासणीची बंदूक अजून वाजते. शिशाच्या छऱ्याचे बारीक कण मांसात पसरतात. शिकारी मांस नेतो, आतडी टाकून देतो. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की शिसं त्यात विरघळून रक्तात जातं. कॅलिफोर्नियातले कॉंडोर १९८२ साली अवघे २२ उरले होते. त्यांना जपून पुन्हा रानात सोडल्यावरही शिसं त्यांना मारत राहिलं. शेवटी त्या राज्याने २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. कुत्र्याला किंवा बिबट्याला मारायला मढ्यावर थिमेट हे कीटकनाशक टाकणारा माणूसही गिधाडाचा मारेकरीच आहे.

आपला संबंध काय

गिधाडं गेली, मढी उरली, त्यावर कुत्री पोसली आणि रोगराई वाढली. २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. गिधाडं आली की बिबटे जातील, असं खोटं आश्वासन आम्ही देणार नाही. पण वस्तीजवळ सडणारं ढोर आणि त्यावर वाढणारी कुत्री कुणाच्याच हिताची नाहीत.

आणखी एक गोष्ट ठणकावून सांगतो. मेलेलं ढोर ओढण्याचं काम गावाने एका समाजावर लादलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते सोडायला सांगितलं, ते योग्यच होतं. गिधाडांच्या नावाखाली ती वेठ परत येणार नाही. ज्याचं ढोर, त्याची जबाबदारी. ट्रॅक्टरचा खर्च मालकाचा किंवा ग्रामपंचायतीचा.

आमची शपथ

१. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाइड आम्ही जनावराला देणार नाही, मागणार नाही, विकणार नाही.
२. प्रत्येक इंजेक्शनचं नाव आणि तारीख गोठ्यातल्या वहीत लिहू.
३. औषधाचा संशय असलेलं किंवा काळपुळीने मेलेलं जनावर उघड्यावर टाकणार नाही, खोल पुरू.
४. मढ्यावर विष टाकणार नाही. छऱ्याने मेलेलं जनावर दिसलं तर वनखात्याला कळवू.

आमच्या मागण्या

१. औषध प्रशासनाने दोन्ही तालुक्यांतल्या दुकानांची वर्षातून दोनदा तपासणी करावी आणि निकाल जाहीर करावा.
२. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मेलोक्सिकॅम कायम आणि मोफत मिळावं.
३. बैलगाडा शर्यतीच्या परवानगीच्या अटींत शपथेतल्या चार औषधांची बंदी घालावी.
४. नाशिक जिल्ह्यातल्या खोरीपाड्यासारखं गिधाडांचं उपाहारगृह भीमाशंकर अभयारण्यालगत सुरू व्हावं. तिथे फक्त तपासलेली मेलेली जनावरं जावीत.
५. पिकांची नासाडी करणारं रानडुक्कर परवानगीने मारलं, तर ते आतड्यांसह पुरण्याची सक्ती व्हावी.

२०२४ साली पेंच आणि ताडोबात पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आणली गेली. पक्षी आणणं सरकारला जमेल. त्यांच्या पुढ्यातलं अन्न निर्विष ठेवणं मात्र गोठ्यातच होऊ शकतं, आणि गोठा आपला आहे. म्हणून येत्या ग्रामसभेत हा जाहीरनामा ठराव म्हणून मांडा. आधी आपल्या गोठ्यातलं औषधांचं फडताळ उघडा, बंदी असलेली बाटली बाहेर काढून दवाखान्यात जमा करा, आणि मगच सही करा.