डोळा वाचवण्याची वाट नाकातून जाते

कपाळाच्या, नाकाच्या आणि डोळ्यांभोवतीच्या हाडांत निसर्गाने ज्या हवेच्या पोकळ्या ठेवल्या आहेत, ज्यांना आपण व्यवहारात सायनस म्हणतो, त्यांचे अस्तर अहोरात्र श्लेष्मा स्रवत असते आणि तो अरुंद द्वारांवाटे नाकात उतरत असतो. जुनाट सर्दी, नाकात वाढलेले मांस, पूर्वी लागलेला मार किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया यांपैकी एखाद्या कारणाने हे द्वार बुजले, म्हणजे आत कोंडलेल्या श्लेष्म्याची पिशवी बनू लागते. तिला वैद्यकात म्युकोसील म्हणतात. हा कर्करोग नव्हे. परंतु वर्षानुवर्षांच्या संथ दाबाने ही पिशवी हाड झिजवते, आणि या पोकळ्यांना नेत्रखोबणीपासून वेगळे करणारी भिंत मुळातच पातळ असल्याने अखेर तिचा शिरकाव डोळ्याच्या घरात होतो.

कपाळाच्या पोकळीतील पिशवी डोळ्याला पुढे, खाली आणि कानाच्या दिशेला सरकवते, वरच्या पापणीच्या नाकाकडील कोपऱ्यावर फुगवटा येतो, एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. आणि हे सारे बहुधा वेदनेवाचून घडत असल्याने रोजंदारीवर पोट भरणारा मनुष्य दवाखान्याची पायरी उशिराच चढतो. चढतो तीही नेत्रविभागाची, कारण व्यथा त्याला डोळ्यात दिसते. तेथे थेंब मिळतात, प्रतिजैविके मिळतात, क्वचित गळू समजून फुगवट्याला बाहेरून चीर दिली जाते. द्वार बुजलेलेच राहिल्यामुळे पिशवी पुन्हा भरते, कधी जखम वाहतीच राहते, आणि औषधोपचाराच्या या फेऱ्यांत महिने निघून जातात. पिशवीत पू झाला तर तो नेत्रखोबणीत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. कवटीच्या तळाशी, दृष्टीच्या मज्जातंतूला लागून असलेल्या पोकळीत विकार झाला, तर नजर अल्पावधीत मंदावते. तेथे दिरंगाईचे मोल रोग्याला अंधत्वाने चुकवावे लागते.

या विकाराचा इलाज गरीब इस्पितळाच्या आवाक्यात आहे, आणि तरीही तो रोग्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, याचे मुख्य कारण नेत्रविभाग आणि कान-नाक-घसा विभाग यांच्यात नित्याचा व्यवहार नसणे हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 1976 साली केंद्र सरकारने अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि मोतीबिंदूच्या लक्षावधी रोग्यांना दृष्टी परत मिळाली. हे कार्य थोर आहे. परंतु ज्या कारभारात यशाची मोजणी प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर होते, तेथे नाकातून डोळ्यावर चालून येणाऱ्या विरळ रोगाची दखल घेणे कोणाच्याच जबाबदारीत बसत नाही.

दोन विभागांतील हा व्यवहार अशक्य नाही, हे महाराष्ट्राने स्वतःच दाखवून दिले आहे. 2021 साली कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिसची साथ आली, तेव्हा नेत्रतज्ज्ञ, नाकाचे शल्यविशारद आणि दंतवैद्य एकाच रोग्याभोवती उभे राहिले, नाकाची दुर्बिणीने तपासणी हा शिरस्ता झाला. म्युकोसील त्या बुरशीजन्य रोगाहून अगदी भिन्न आणि कितीतरी सौम्य. परंतु साथीत जे सहकार्य निकडीने साधले, ते साथ ओसरल्यावर मोडू देणे हा करंटेपणा ठरेल.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही काळ अनुकूल आहे. पूर्वी भुवईजवळ छेद घेऊन पिशवीचे अस्तर समूळ खरवडून काढण्याकडे आणि कधी पोकळीच चरबीने भरून टाकण्याकडे कल असे; नाकातील दुर्बिणीचे शास्त्र प्रगत झाल्यावर अनुभवास आले, की अस्तर तसेच राहू देऊन पिशवीची भिंत नाकात प्रशस्त उघडली तरी श्लेष्मा वाहून जातो, झिजलेले हाड पुष्कळदा पुन्हा भरू लागते आणि डोळा जागेवर येतो. जेथे दुर्बीण नाही, किंवा कपाळाच्या पोकळीच्या बाहेरच्या टोकाशी ती पोहोचत नाही, तेथे बाहेरून छेद घेण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. दृष्टी धोक्यात असताना उत्तम साधनाची वाट पाहण्यापेक्षा हाताशी असलेल्या मार्गाने कोंडलेला स्राव वेळेवर मोकळा करणे अधिक श्रेयस्कर होय.

म्हणून सरकारदरबारी मागणे आहे ते माफक. पुढे आलेला किंवा जागेवरून सरकलेला डोळा दिसताच त्याच दिवशी, त्याच केसपेपरावर रोग्याची रवानगी नाकाच्या तज्ज्ञाकडे व्हावी, असा लेखी हुकूम प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावा. सीटी स्कॅनची सोय जेथे आहे तेथे अशा रोग्याला अग्रक्रम मिळावा. नाकाच्या शस्त्रक्रियेचा दुर्बीणसंच आणि तो चालवण्याचे शिक्षण यांसाठी प्रत्येक जिल्ह्याकरिता स्वतंत्र तरतूद व्हावी. नजर झपाट्याने मंदावत असलेला रोगी तारखेसाठी ताटकळत न ठेवता नजीकच्या वैद्यकीय महाविद्यालयात तातडीने पोहोचवावा. पिशवी काही वर्षांनी पुन्हा उद्भवू शकते, यास्तव रोग्याची नोंद दप्तरी राहावी आणि त्याला वेळोवेळी बोलावून तपासले जावे. यांतील लेखी हुकुमाला तर पैसाही लागत नाही. त्याची अंमलबजावणी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या एका सहीने उद्यापासून होऊ शकते, आणि ती व्हावी.